ब्लेंडर सायकल्स : दिवाणखान्याच्या रेंडरमध्ये दिव्यांभोवती येणारा रवाळ नॉईज

झरोका

नमस्कार. मी इंटिरिअर डिझाइनचे काम करते आणि ग्राहकांना दाखवायची चित्रे ब्लेंडर ४.२ या त्रिमिती सॉफ्टवेअरमधील सायकल्स या रेंडर इंजिनवर रेंडर करते. सध्या एका दिवाणखान्याचे रात्रीचे दृश्य तयार करायचे आहे. बाहेरून उजेड जवळजवळ येत नाही, जो काही प्रकाश आहे तो घरातल्या दिव्यांचाच.

फॉल्स सीलिंगला चारही बाजूंनी कोव्ह, म्हणजे दिव्यांची पट्टी लपवणारी खाच, आहे. त्यात एकूण सुमारे १४ मीटर एलईडी पट्टी असून पट्टीवरचे मणी मीटरला ६० या हिशोबाने अ‍ॅरे मॉडिफायरने मांडले आहेत आणि प्रत्येक मण्याला एमिशन शेडर (प्रकाश बाहेर टाकणारे मटेरिअल) दिला आहे. डाउनलायटरमध्ये एमिशनची चकती, तिच्याभोवती क्रोमचा रिफ्लेक्टर आणि खाली पातळ काच, अशी प्रत्यक्षातल्यासारखीच रचना केली आहे. जेवणाच्या टेबलावर काचेच्या गोल हंडीतला लटकता दिवा आहे. जमिनीला चकचकीत विट्रिफाइड टाइल्स आहेत. दिव्यांची वॉटेज खऱ्या दिव्यांच्या उजेडाशी जुळतील अशी ठेवल्याने दृश्य फार काळोखे दिसत होते, म्हणून कलर मॅनेजमेंटमधील एक्स्पोजर ३ पर्यंत वाढवले आहे.

अडचण अशी, की प्रत्येक दिव्याच्या भोवती, विशेषतः सीलिंगवर आणि हंडीच्या मागच्या भिंतीवर, रांगोळी भुरभुरल्यासारखे पांढरे दाणे दिसतात. कमाल सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी सोडायचे किरण) ५१२ वरून ४०९६ केले, तरी दाणे फारसे कमी झाले नाहीत, आणि आश्चर्य म्हणजे रेंडरचा वेळही अपेक्षेइतका वाढला नाही. नॉईज थ्रेशोल्ड ०.०१ आहे, म्हणजे मूळचाच. डीनॉइझर (दाणे पुसून काढणारे साधन) लावला की दाण्यांच्या जागी पुसट चट्टे येतात आणि कॉर्निसच्या बारीक खाचा नाहीशा होतात. ग्राफिक्स कार्डाची मेमरी ६ जीबी आहे. नेमके काय बदलावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा

तुम्ही सगळी माहिती नीट दिली आहे, त्यामुळे अंदाज बांधणे सोपे जाते. तरीही माझा पहिला आग्रह असा राहील, की कुठलाही आकडा बदलण्यापूर्वी हा नॉईज कोणत्या दिव्याचा आहे आणि कोणत्या मार्गाने येतो आहे, हे आधी वेगळे करून पाहावे. दिव्यांभोवतीचे दाणे वरवर सारखे दिसले, तरी कोव्हमधले दाणे, डाउनलायटरचे दाणे आणि हंडीचे दाणे यांची कारणे वेगवेगळी असतात. एकाच उपायाने तिन्ही जातील, या अपेक्षेने सॅम्पल वाढवत राहिल्यास रात्र जाते आणि चित्र तसेच राहते.

यासाठी ब्लेंडर ३.२ पासून लाइट ग्रुपची सोय आहे. व्ह्यू लेयरच्या गुणधर्मांत कोव्ह, डाउनलायटर आणि हंडी असे तीन गट तयार करा आणि प्रत्येक दिव्याच्या ऑब्जेक्टला त्याचा गट नेमून द्या. एकदा रेंडर केले, की प्रत्येक गटाचा प्रकाश स्वतंत्र पासमध्ये, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरात, पाहायला मिळतो. त्याच वेळी डिफ्यूज डायरेक्ट, डिफ्यूज इनडायरेक्ट, ग्लॉसी इनडायरेक्ट आणि ट्रान्समिशन इनडायरेक्ट हे पासही चालू ठेवा. दाणे डायरेक्ट पासमध्ये असतील तर दोष दिव्याच्या मांडणीत शोधायचा, आणि इनडायरेक्टमध्ये असतील तर प्रकाश कुठेतरी आपटून, काचेतून वाकून किंवा क्रोमवरून परतून येतो आहे, असे समजायचे. माझा कयास असा आहे, की तुमचे बहुतेक दाणे इनडायरेक्टमध्ये सापडतील. लाइट ग्रुपचा आणखी एक फायदा जाता जाता सांगतो. ग्राहकाने कोव्ह थोडी मंद करा किंवा पिवळसर करा असे सांगितले, तर पुन्हा रेंडर न करता कंपोझिटरमध्येच (रेंडर झालेल्या चित्रावर काम करण्याच्या भागात) ते करता येते.

आता सॅम्पल वाढवूनही वेळ का वाढला नाही, याबद्दल. सायकल्स पाथ ट्रेसिंग करते, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला किरण पृष्ठभागावर आपटला की तिथून दिव्याकडे थेट पाहण्याचा प्रयत्न करते आणि शिवाय एका यादृच्छिक दिशेने पुढेही जाते. नॉईज हा सॅम्पलच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. सॅम्पल चौपट केले तर दाणे निम्मे होतात, आणि ५१२ चे ४०९६, म्हणजे आठपट, केल्यास ते सुमारे ३५ टक्क्यांवर यायला हवेत. पण ते तेव्हाच, जेव्हा ते सगळे सॅम्पल खरोखर घेतले जातात. नॉईज थ्रेशोल्ड चालू असताना एखादा पिक्सेल पुरेसा स्थिर झाला असे वाटले, की सायकल्स तिथले काम थांबवते. अवघड मार्गाने येणारा तेजस्वी किरण शेकडो सॅम्पलमध्ये एखाद्याच वेळी सापडत असेल, तर सुरुवातीच्या सॅम्पलमध्ये तो न आलेला पिक्सेल स्थिर समजला जातो आणि शेजारच्या पिक्सेलला तो नेमका सापडलेला असतो. हाच तुमचा दाणा.

यात तुमच्या एक्स्पोजरनेही भर घातली आहे. कलर मॅनेजमेंटमधील ३ म्हणजे तेज आठपट. परंतु ही वाढ रेंडर झाल्यानंतर होते, त्यामुळे कुठे थांबायचे हे ठरवताना सायकल्सपुढे मूळचे काळोखे चित्रच असते. अंधाऱ्या भागात तिला जे पुरेसे स्वच्छ वाटते, ते आठपट उजळल्यावर तुम्हाला रवाळ दिसते. म्हणून सर्व दिव्यांची शक्ती सारख्याच प्रमाणात आठपट करून एक्स्पोजर शून्यावर आणा. चित्र तेच राहील, मात्र थ्रेशोल्डचा हिशोब जागेवर येईल. खऱ्या दिव्याशी जुळणारा आकडा ठेवण्याचा मोह मला समजतो, कारण ब्लेंडरमधील वॉट हा विजेच्या बिलातला वॉट नसून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा असतो, आणि ८०० ल्युमेनचा बल्ब तिथे जेमतेम २ वॉटच्या आसपास बसतो. दिव्यांमधले परस्पर प्रमाण बरोबर असले, की एवढा काटेकोरपणा पुरतो.

व्ह्यू लेयरच्या पासांच्या यादीत सॅम्पल काउंट नावाचा एक डीबग पास आहे, तोही चालू करून पाहा. सीलिंगवर दिव्यांभोवती कुठे लवकर थांबले गेले, हे त्यात स्पष्ट दिसेल. तसे दिसल्यास थ्रेशोल्डच्या खालचे किमान सॅम्पल १२८ किंवा २५६ करा.

गवंडी

ओळंबा यांनी निदानाची पद्धत सांगितली आहे, मी दिव्यांच्या रचनेविषयी लिहितो, कारण माझ्या मते मूळ दुखणे तिथेच आहे. दिवा प्रत्यक्षात जसा असतो तसाच मॉडेलमध्ये बांधावा, हा विचार दिसण्यापुरता योग्य आहे, पण प्रकाश पाडण्यासाठी तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. मी प्रत्येक दिव्याचे दोन भाग करतो, एक दिसणारा आणि एक उजेड देणारा, आणि या दोघांचा एकमेकांशी काही संबंध ठेवत नाही.

हंडीपासून सुरुवात करू. पृष्ठभागावरून दिव्याकडे थेट पाहणारा किरण वाटेत काचेला अडतो, कारण ग्लास शेडरच्या दृष्टीने काचेतून जाताना किरण वाकायला हवा आणि वाकल्यावर तो बल्बला लागेलच असे नाही. त्यामुळे हंडीतल्या बल्बचा सगळा प्रकाश केवळ योगायोगाने सापडणाऱ्या किरणांवर अवलंबून राहतो. त्यालाच कॉस्टिक म्हणतात. काचेच्या मटेरिअलमध्ये ग्लास आणि ट्रान्सपरंट हे दोन शेडर मिक्स शेडरने जोडा, आणि मिक्सच्या फॅक्टरला लाइट पाथ नोडमधील (किरण कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणाऱ्या) शॅडो रे आणि डिफ्यूज रे या दोन्ही आउटपुटमधले मोठे मूल्य द्या. मॅथ नोडचा मॅक्सिमम पर्याय त्यासाठी आहे. मग कॅमेऱ्याला आणि प्रतिबिंबांना काच काचेसारखीच दिसते, पण भिंतीवरून बल्बकडे पाहणाऱ्या किरणाला ती पारदर्शक भासते. ऑब्जेक्टच्या रे व्हिजिबिलिटीमध्ये शॅडोची खूण काढणे हा झटपट मार्ग आहे खरा, पण तेवढेच केले तर रिफ्रॅक्टिव्ह कॉस्टिक्सही बंद करावे लागतात, नाहीतर तोच प्रकाश दोन वाटांनी मोजला जाण्याची शक्यता राहते.

डाउनलायटरच्या बाबतीत काच सरळ काढून टाका. एवढी पातळ, सपाट काच दहा फुटांवरून कोणालाही दिसत नाही. आतल्या चकतीची एमिशन शक्ती उतरवून डोळ्याला पांढरी दिसेल इतकीच, म्हणजे ५ ते १० च्या दरम्यान, ठेवा. तिच्या मटेरिअलच्या सेटिंगमध्ये एमिशन सॅम्पलिंग नन करा आणि ऑब्जेक्टच्या रे व्हिजिबिलिटीतून डिफ्यूज काढून टाका. आता ही चकती फक्त दिसेल, खोली उजळवणार नाही. खरा उजेड देण्यासाठी रिफ्लेक्टरच्या तोंडाशी, सीलिंगच्या पातळीच्या किंचित खाली, गोल आकाराचा एरिया लाइट खाली तोंड करून लावा आणि त्याचा स्प्रेड १८० वरून ६० ते ९० अंशांपर्यंत आणा. उत्पादकाची आयईएस फाईल (दिव्याचा प्रकाश कोणत्या दिशेला किती पडतो याची नोंद) उपलब्ध असेल, तर एरियाऐवजी स्पॉट किंवा पॉइंट लाइटला आयईएस टेक्स्चर द्या, म्हणजे भिंतीवर पडणारी प्रकाशाची कमान खऱ्या दिव्यासारखी येते. क्रोमचा रिफ्लेक्टर आता प्रकाशाच्या वाटेत येतच नाही, तरी त्याचा रफनेस (खडबडीतपणा) शून्य असेल तर ०.२ च्या आसपास ठेवलेला बरा.

चकतीची शक्ती कमी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. चकतीचे मूल्य ५०० आणि तिच्याशेजारच्या सीलिंगचे ०.३ असेल, तर काठावरच्या पिक्सेलमध्ये चकतीचा थोडासा अंश आला तरी तो पूर्ण पांढरा होतो आणि दिव्याची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. अनेक जण यालाही नॉईज समजून सॅम्पल वाढवतात. पण सॅम्पल कितीही वाढवले तरी ही कड सुधारत नाही.

कोव्हच्या मण्यांबाबत हिशोब करून पाहा. १४ मीटरला ६० प्रमाणे ८४० मणी होतात, आणि प्रत्येक मणी साधा घन धरला तरी १२ त्रिकोण, म्हणजे १०,०८० त्रिकोण प्रकाश देत आहेत. ब्लेंडर ३.५ मध्ये लाइट ट्री आल्यापासून असे अनेक दिवे पूर्वीपेक्षा कितीतरी बऱ्या रीतीने हाताळले जातात, आणि फाईल जुन्या आवृत्तीत सुरू केलेली असेल तर सॅम्पलिंगच्या लाइट्स विभागात लाइट ट्रीची खूण आहे का, हे जरूर पाहावे. पण कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या पट्टीचे मणी मांडायचेच कशाला? प्रत्येक बाजूला एक याप्रमाणे चार लांबट आयताकृती एरिया लाइट वर तोंड करून ठेवले, की काम झाले.

कोव्हची एक खोड मात्र लक्षात ठेवायला हवी. पट्टी स्लॅबच्या किंवा कोव्हच्या आतल्या उभ्या बाजूच्या अगदी जवळ असेल, तर तिथे एक अरुंद, अतितेजस्वी पट्टा तयार होतो आणि खोलीच्या दृष्टीने तो पट्टा स्वतःच दुसरा दिवा होऊन बसतो. सायकल्सला मात्र तो दिवा असल्याचे ठाऊक नसते, त्यामुळे तिकडे ती मुद्दाम पाहत नाही आणि त्याचा प्रकाश पुन्हा योगायोगावरच सोपवला जातो. लाइट आणि स्लॅब यांत किमान ४ इंच अंतर ठेवा आणि आतल्या उभ्या बाजूपासूनही तो थोडा सुटा ठेवा. साइटवरही पट्टी स्लॅबला चिकटवल्यास सीलिंगवर मण्यांचे ठिपके उमटतात, म्हणून चांगला इलेक्ट्रिशियन हे अंतर राखतोच.

तिसरा मजला

एवढा खटाटोप करण्यापेक्षा डीनॉइझर नीट लावावा, असे माझे मत आहे. ओपन इमेज डीनॉइझ निवडा, पासेसमध्ये अल्बेडो आणि नॉर्मल दोन्ही द्या आणि प्रीफिल्टर अ‍ॅक्युरेट ठेवा. ४.१ पासून हा डीनॉइझर ग्राफिक्स कार्डावरही चालतो, त्यामुळे वेळ नगण्य लागतो. कॉर्निसच्या खाचा हरवत असतील, तर चित्र मोठ्या मापाचे काढून डीनॉइझ झाल्यावर लहान करा, बराचसा तपशील टिकतो. शिवाय इनडायरेक्ट क्लॅम्प (आपटून येणाऱ्या प्रकाशाच्या तेजाची कमाल मर्यादा) १० वरून २ वर आणल्यास उरलेले दाणेही जातील.

ओळंबा

डीनॉइझरला माझा विरोध नाही. अंतिम चित्राला तो मीही लावतो आणि प्रीफिल्टरबद्दलची सूचना योग्यच आहे. पण अल्बेडो आणि नॉर्मल हे पास त्याला वस्तूचा रंग आणि कडा सांगतात, प्रकाश कसा पडायला हवा हे सांगत नाहीत. साध्या पांढऱ्या सीलिंगवर हे दोन्ही पास सपाट असतात, त्यामुळे तिथल्या विरळ, तेजस्वी ठिपक्यांमधून मूळ प्रकाशाचा उतार ओळखायला त्याला कसलाच आधार मिळत नाही, आणि झरोका यांना दिसतात ते चट्टे नेमके तिथेच पडतात. आधी दाणे बारीक आणि एकसारखे होऊ द्यावेत, मग डीनॉइझर लावावा.

क्लॅम्प २ वर आणण्याविषयी मात्र सावध राहा. क्लॅम्प दाणे काढतो तो त्यांचा प्रकाश फेकून देऊन, आणि तुमच्या दृश्यात सीलिंगवरचा बराचसा प्रकाश अशाच वाटांनी येत असल्याने कोव्हचा भाग मळकट आणि निस्तेज दिसू लागेल. दिव्यांची शक्ती आठपट केल्यावर तर याचा परिणाम अधिकच जाणवेल, कारण क्लॅम्पचा आकडा दिव्यांच्या शक्तीबरोबर आपोआप वाढत नाही. गवंडी यांनी सांगितलेले बदल केल्यानंतर १० हे मूळचे मूल्य पुरेसे ठरावे. डायरेक्ट क्लॅम्प शून्यच राहू द्या.

भिंतींच्या रंगाविषयी एक राहिले. सीलिंगचा पांढरा रंग १.० दिलेला असेल, तर ०.८ करा. खरा पांढरा डिस्टेंपर याहून फार अधिक प्रकाश परतवत नाही. चार वेळा आपटल्यावर ०.८ च्या भिंतींत ४१ टक्के प्रकाश उरतो, ०.९५ च्या भिंतींत ८१ टक्के. जितका प्रकाश खोलीत घुटमळतो, तितका नॉईजही घुटमळतो. रंगाच्या खिडकीत ०.८ म्हणजे सोळा अंकी पद्धतीत ई७ई७ई७, तेव्हा पडद्यावर तो पांढराच दिसतो.

अष्टकोन

सायकल्सचा नसला तरी विषय तोच असल्याने व्ही-रे हे दुसरे रेंडर इंजिन वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो. काचेच्या व्हीरेएमटीएलमध्ये रिफ्रॅक्शनखाली अफेक्ट शॅडोज चालू ठेवले, की गवंडी यांनी सांगितलेला लाइट पाथचा परिणाम आपोआप मिळतो. दिसणाऱ्या चकतीला व्हीरेलाइटएमटीएल द्यावे आणि त्यातील डायरेक्ट इल्युमिनेशन बंद ठेवून उजेडासाठी वेगळा प्लेन लाइट इनव्हिजिबल करून लावावा. मॅक्स रे इंटेन्सिटी मूळ २० असते. तिचे काम आणि तिचे तोटे सायकल्सच्या क्लॅम्पसारखेच आहेत. निदानासाठी लाइटिंग, जीआय (आपटून येणारा प्रकाश), रिफ्लेक्शन आणि सॅम्पल रेट हे रेंडर एलिमेंट लावून पाहावेत.

झरोका

सर्वांचे मनापासून आभार. लाइट ग्रुप करून पाहिल्यावर चित्र स्पष्ट झाले. भिंतीवरचे जवळजवळ सर्व दाणे हंडीच्या गटात आणि सीलिंगवरचे बरेचसे डाउनलायटरच्या गटात होते. कोव्हचा गट मला वाटत होता त्यापेक्षा खूपच स्वच्छ निघाला, फक्त स्लॅबलगतच्या पट्ट्याखाली थोडा रवाळपणा होता. काचेचे मटेरिअल बदलले, डाउनलायटरच्या काचा काढून एरिया लाइट लावले, मण्यांच्या जागी चार लाइट ठेवले आणि एक्स्पोजर शून्यावर आणले. आता ५१२ सॅम्पलमध्ये येणारे चित्र पूर्वीच्या ४०९६ पेक्षा कितीतरी नितळ आहे आणि डीनॉइझर लावल्यावर कॉर्निसच्या खाचाही टिकतात.

एक गोष्ट मात्र उरली आहे. डाउनलायटरच्या अगदी भोवती, सीलिंगवर, अजूनही तुरळक पण खूप तेजस्वी ठिपके दिसतात, आणि ते डिफ्यूज इनडायरेक्ट पासमध्ये आहेत. त्या जागी आता काच नाही, रिफ्लेक्टरही वाटेत नाही. हे कुठून येत असावेत?

गवंडी

ते तुमच्या टाइल्सवरून येत आहेत. डाउनलायटरचा प्रकाश चकचकीत जमिनीवर पडतो, आरशासारखा परततो आणि सीलिंगवर जातो. सीलिंगवरून निघालेला यादृच्छिक किरण नेमका त्या कोनाने टाइलवर आपटून दिव्याच्या तोंडात शिरला, तर एक ठिपका उमटतो. लाइट पाथ्स विभागातील रिफ्लेक्टिव्ह कॉस्टिक्स बंद करून पाहा. घरगुती दिवाणखान्याच्या चित्रात त्याची उणीव कोणालाही भासत नाही. प्रामाणिक प्रकाशगणिताचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकते, पण ग्राहक सोफ्याचे कापड आणि टीव्ही युनिट पाहत असतो.

कॉस्टिक्स ठेवायचेच असतील, तर शेजारचा फिल्टर ग्लॉसी (चकचकीत परावर्तने किंचित धूसर करणारा आकडा) १ वरून २ करा आणि टाइल्सचा रफनेस ०.०५ वरून ०.१२ च्या आसपास न्या. घरात वापरात असलेली विट्रिफाइड टाइल एरवीही इतकी आरसपानी राहत नाही.

ओळंबा

गवंडी यांच्याशी सहमत आहे. भर एवढीच, की स्लॅबलगतचा रवाळपणा उरला असेल आणि तुमच्याकडे बऱ्यापैकी प्रोसेसर असेल, तर ब्लेंडर ३.४ पासून आलेले पाथ गायडिंग वापरून पाहता येईल. किरण कुठून प्रकाश घेऊन येतात हे ते रेंडर चालू असतानाच शिकत जाते आणि पुढचे किरण त्या दिशेला अधिक पाठवते, म्हणून कोव्हच्या पट्ट्यासारख्या लपलेल्या उजेडासाठी ते उपयोगी ठरते. मात्र ते केवळ प्रोसेसरवर चालते, ग्राफिक्स कार्डावर नाही, त्यामुळे तुमच्या रेंडरची वेळ वाढेल. आधी लाइट ४ इंचांऐवजी ६ इंचांवर आणून पाहिल्यास बहुधा त्याची गरजच पडणार नाही. आणि या सगळ्या चाचण्या पूर्ण चित्रावर करू नका. कॅमेरा दृश्यात कंट्रोल आणि बी दाबून कोव्हच्या एका कोपऱ्याभोवती आणि एका डाउनलायटरभोवती चौकट आखा आणि तेवढाच भाग रेंडर करा.